बंद शोरूममधली गाडी जागी करताना

चावी हाताला लागली की ती आधी खिशात टाका. गाडीला लावू नका, फिरवून बघू नका. वर्षानुवर्षं कुलूप असलेल्या शोरूममध्ये कोऱ्या गाडीसमोर उभं राहिलं की हात आपसूक सेल्फकडे जातो. माझाही गेला होता. मीटरवर १९ किलोमीटर, सीटवर कारखान्याचं प्लास्टिक, आणि मी सोबत नवी बॅटरी नेलेली. सेल्फ मारला, इंजिन दीड फेरा फिरलं, कट्ट असा आवाज झाला आणि जागीच थांबलं. एक व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये, म्हणजे तो ज्या नळीत खाली-वर सरकतो तिच्यात, गंजून उघडाच अडकला होता, वर येणाऱ्या पिस्टनने तो वाकवला. कारखाना सोडल्यापासून ज्या इंजिनाचा एक नट कुणी सैल केला नव्हता, त्याचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा भाग, मला उतरवावं लागलं. काम नीट झालं, गाडी आज चालते. पण ते हेड आता मी बसवलेलं आहे, कारखान्याने बसवलेलं नाही.

त्याच शोरूममध्ये आणखी दोन गाड्या होत्या. त्यातली एक, म्हणजे माझी दुसरी गाडी, मी पाच महिने घेऊन उठवली. पुढे लिहितोय ते त्या पाच महिन्यांतलं आहे.

आधी हे मनात पक्कं करा, की न चाललेली गाडी म्हणजे नवी गाडी नव्हे. चालण्याने जशी झीज होते तशी उभं राहण्यानेही होते, फक्त ती वेगळ्या ठिकाणी होते. चाललेल्या गाडीत बेअरिंग, रिंगा, टायरचे खाचे झिजतात. उभ्या गाडीत रबर कडक होतं, सील सुकतात, पेट्रोलचा डिंक होतो, ब्रेकच्या तेलात पाणी शिरतं आणि जिथे ऑइलचा थर ओघळून गेला तिथे गंज चढतो. मीटरवरचा आकडा यातलं काहीही सांगत नाही.

गाडी कुणाची आहे?

दार मोडकळीला आलं आणि बोर्डाची अक्षरं गळाली म्हणून मालकी संपत नाही. विक्रेते शोरूममधला माल बहुधा कर्जावर उचलतात, त्यामुळे उभी गाडी विक्रेत्याची असू शकते, कर्ज देणाऱ्या बँकेची असू शकते, दिवाळखोरीत नेमलेल्या लिक्विडेटरच्या ताब्यातली असू शकते किंवा वारसांची. जागा मधल्या काळात तिसऱ्यालाच विकली गेली असेल तर गुंता आणखी वाढतो. जमिनीचे दप्तर आणि कंपनीची सरकारी नोंद, ही दोन कागदपत्रं आधी काढा. मग ज्याचा हक्क दिसतो त्याच्याकडून आत जायची, फोटो काढायची आणि गाडीला हात लावायची परवानगी लेखी घ्या. ‘नुसतं बघायचंय’ म्हणून खिडकीतून आत उतरणं हीसुद्धा घुसखोरीच.

माझ्या बाबतीत शोरूमच्या मालकांच्या मुलीने, त्या निवृत्त शिक्षिका आहेत, पहिल्याच भेटीत होकार दिला होता. पण त्यांचा एक भाऊ दूर राहतो आणि त्याचीही सही हवी होती. ती यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी एकदाही आत गेलो नाही, आणि पुढे विश्वासाने जी कपाटं त्यांनी मला उघडून दिली ती त्यामुळेच.

न विकलेल्या गाडीची नोंदणी झालेलीच नसते. तिच्याजवळ असतं ते कारखान्याचं उगम-प्रमाणपत्र किंवा विक्रेत्याच्या नावचं बीजक. ते मिळालं तर सोनं. न मिळालं तर गाडी विकत घेण्याआधीच नोंदणी कार्यालयात विचारा, कारण पैसे मोजल्यावर कळलं की ही रस्त्यावर कधीच येणार नाही, तर उपाय राहत नाही. चॅसी नंबर प्लेटवरचा आणि चॅसीवर ठोकलेला, दोन्ही जुळतात का ते पाहा आणि तो नंबर चोरीच्या यादीत नाही याची खातरी करा. १९८१ च्या मॉडेलपासून अमेरिकेत सतरा अक्षरांचा नंबर सक्तीचा झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती, म्हणून जुन्या गाडीवर आठ-दहा अक्षरांचाच नंबर दिसला तर घाबरायचं कारण नाही.

आणि जागेचा पत्ता कुणाला सांगू नका. फोटो टाकायचे असतील तर गाडी सुरक्षित हलवल्यावर टाका. मागे खिडकीची काच आणि रस्ता दिसणारा एक फोटो चोरांना पुरतो. आठवड्यात बोधचिन्हं, दिवे आणि रेडिओ उपटून नेलेले असतात.

मैल पाहू नका, छप्पर पाहा

अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या पीअर्स या छोट्या गावात रे लँब्रेक्ट आणि त्यांची पत्नी मिल्ड्रेड यांची शेव्हरोलेची एजन्सी होती, १९४६ ते १९९६. न खपलेल्या गाड्या आणि बदल्यात घेतलेल्या जुन्या गाड्या ते साठवत गेले. सप्टेंबर २०१३ मध्ये जवळपास पाचशे गाड्यांचा लिलाव झाला. १९५८ ची कॅमिओ पिकअप, मीटरवर दीड मैलसुद्धा नाही, १ लाख ४० हजार डॉलरला गेली. या लिलावाची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक याच आकड्यापाशी थांबतात. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या पिकअपच्या टपाला पोचा होता आणि काच तडकलेली होती, कारण एजन्सीच्या छताचा भाग तिच्यावर पडला होता. आणि त्याच मालकाच्या कितीतरी गाड्या उघड्या शेतात होत्या. झाडं त्यांच्यामधून वाढली होती, लिलावाआधी ती तोडून गाड्या मोकळ्या कराव्या लागल्या. मालक एक, हौस एक, वर्षंही तीच. फरक पडला तो डोक्यावर काय होतं आणि चाकांखाली काय होतं याने.

म्हणून आत शिरल्यावर गाडीआधी इमारत वाचा. छतावर गळतीचे डाग कुठे आहेत, ते कोणत्या गाडीच्या वर येतात, फरशी घाम धरते का, पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर आहे का. माझ्या तीनपैकी तिसरी गाडी दिसायला सर्वांत सुंदर होती. पण तिच्या डाव्या मागच्या चाकावर छताचा एक सांधा वर्षानुवर्षं ठिबकत होता. स्क्रूड्रायव्हरची मूठ आतून हलके टेकवली आणि दाराखालच्या कडेचा पत्रा बिस्किटासारखा आत गेला. ती मी घेतली नाही.

मास्क, हातमोजे आणि जाड तळाचे बूट यांच्याशिवाय आत जाऊ नका. जुने छताचे पत्रे आणि जुन्या गाडीचे ब्रेक लायनर, दोन्हींत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चाला. हवेच्या नळीने ब्रेकच्या ड्रममधली धूळ उडवणं तर कधीच नाही. ती ओली करून पुसायची. उंदरांच्या घाणीचंही तेच. ती झाडूने कोरडी ओढली की हवेत उडते आणि तिच्यातून आजार होतात. एक भाग ब्लीच, नऊ-दहा भाग पाणी असं शिंपडून काही मिनिटं मुरू द्या, मग ओल्या कागदाने उचला.

पुसण्याआधी

फडकं बाहेर काढायच्या आधी कॅमेरा काढा. दारं, बोनेट, डिकी, सीटखाली, डॅशबोर्डखाली, चाकांच्या आत, सगळीकडचे फोटो धुळीसकट. मी दुसऱ्या गाडीचे सहाशेच्या वर फोटो काढले. त्यातल्या चाळीसेक फोटोंचा पुढे कामात प्रत्यक्ष उपयोग झाला: कोणती नळी कोणत्या क्लिपने बांधली होती, वायरला टेप कुठून कुठपर्यंत होता, वॉशर बशीसारखा होता की सपाट. रस्त्यावर आलेल्या गाड्यांत हे तपशील पहिल्या दोन-तीन सर्व्हिसिंगमध्येच पुसले जातात. ही गाडी म्हणजे तिच्या भावंडांसाठी नमुना आहे, म्हणून त्याची किंमत करा.

कारखान्यातले तपासनीस खडूने, मेणाच्या कांडीने किंवा रंगाच्या ठिपक्याने खुणा करत. माझ्या गाडीत फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावर, पिवळ्या खडूने ओढलेला ७ होता आणि स्टीअरिंगच्या नटावर हिरवा ठिपका. ओला हात फिरला असता तर सात गेला असता. कागदही शोधा. काचेवरची किमतीची पट्टी, सीटच्या स्प्रिंगमध्ये किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकलेली बांधणीची यादी, चाव्यांना अडकवलेलं पुठ्ठ्याचं लेबल. अमेरिकी गाडी असेल तर ती किमतीची पट्टी १९५८ च्या कायद्याने सक्तीची झालेली, आणि ग्राहकाखेरीज ती कुणी काढायची नाही असा नियम. ती जागेवर असेल तर गाडी कुणाच्या हाती गेलेली नसावी याची ती चांगली खूण आहे. या पट्टीला पाणी आणि ऊन लागू देऊ नका.

धुवायची घाई कशासाठी? फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला बायों संग्रहाचा लिलाव झाला. तो शोरूममधला साठा नव्हता, फ्रान्समधल्या एका वाड्याच्या आवारात विसरलेल्या गाड्या होत्या. त्यातली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडली होती. ती धुळीतच मांडली आणि दीड कोटी युरोंच्या वर गेली. धूळ हवी तेव्हा काढता येते, परत घालता येत नाही. काढायची तेव्हासुद्धा कोरड्या फडक्याने नाही. त्या धुळीत वाळू असते, रंगावर जाळीसारखे ओरखडे उठतात. भरपूर पाणी वरून सोडून ती वाहू द्यायची आणि हात शेवटी लावायचा.

सीटवरच्या प्लास्टिकबद्दल दोन मतं आहेत. ते आहे तसं ठेवावं असं बरेच जण म्हणतात. मी काढतो. ते ओल धरतं, खालच्या कापडावर पिवळे डाग पाडतं, आणि व्हिनाइलवर असेल तर जुनं होता होता चिकटून बसतं. फोटो काढा, सावकाश सोडवा, गुंडाळी करून कोरड्या पेटीत गाडीबरोबर जपा.

हलवणं

हँडब्रेक ओढलेला असेल तर लायनर ड्रमला धरून बसलेले असतात. दोर बांधून ओढू नका. ड्रमच्या बाहेरच्या अंगाला, त्यावरच्या उभ्या पट्ट्यांवर (फिन) नव्हे, लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने फिरत फिरत ठोका. सुटलं नाही तर चाकांखाली ट्रॉल्या सरकवा आणि गाडी त्यांवर बाहेर काढा. जॅक लावण्याआधी जॅकची जागा बोटाने, मग स्क्रूड्रायव्हरने चाचपा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एक हातसुद्धा घालू नका, आधाराच्या घोड्या लावल्याशिवाय नाही.

टायर दिसायला काळेभोर, खाचे पूर्ण. त्यांवर विश्वास ठेवू नका. बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक म्हणजे बनावटीचा आठवडा आणि वर्ष, ही पद्धत २००० पासूनची. तीनच अंक दिसले तर टायर त्याआधीचा आहे, मग पुढचा विचार करायलाच नको. मूळ टायर गाडी ढकलण्यापुरते वापरा, नंतर खूण करून ठेवून द्या. रस्त्यासाठी नवे.

पेट्रोल

झाकण उघडून वास घ्या. ताज्या पेट्रोलचा वास नाकाला झोंबतो. जुन्याचा वास शिळ्या वॉर्निशसारखा येतो. हलका भाग उडून गेलेला असतो, उरलेल्याचा तपकिरी डिंक झालेला असतो. हे पेट्रोल एक थेंबही इंजिनापर्यंत जाऊ देऊ नका. ताजं पेट्रोल वर ओतून ‘पातळ’ करणं हा तर सर्वांत वाईट मार्ग, कारण ताजं पेट्रोल तो डिंक विरघळवतं आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, पुढे व्हॉल्व्हच्या दांडीवर नेऊन बसवतं.

टाकी उघड्यावर, बॅटरी काढून, आग विझवायची पावडर हाताशी ठेवून रिकामी करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साठते, म्हणून सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर गाडी उभी करून हे काम करायचं नाही. टाकी उतरवली की आत दिवा नव्हे, टॉर्च धरा. वरवरचा गंज सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने निघतो. नंतर लगेच धुवून, वाळवून, आतून ऑइलचा हात फिरवायला हवा, नाहीतर रात्रीत नवा गंज येतो. रबरी नळ्या सगळ्या बदला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, त्याला चालणारी नळी मागून घ्या. कार्ब्युरेटर उतरवून साफ करा, पंपाचा पडदा नवा घाला.

इंजिन

इथे वेळ द्या. प्लग काढा आणि प्रत्येक भोकातून छोटा कॅमेरा आत सोडून पाहा. सिलिंडरच्या भिंतीवर तपकिरी पट्टा दिसला तर पिस्टन तिथेच उभा राहून गंज धरलेला आहे. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे तेल घाला. कुणी ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं घेतं, मी गंज सोडवायचं पातळ तेल घेतो. मग थांबा. एक दिवस नव्हे, एक आठवडा. रोज थोडं थोडं.

दरम्यान व्हॉल्व्हवरचं झाकण (टॅपेट कव्हर) उघडा आणि व्हॉल्व्हच्या प्रत्येक दांडीवर तेल सोडा. माझ्या पहिल्या गाडीचं जे झालं ते इथेच टळलं असतं. आता क्रँकच्या पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून इंजिन हाताने, चालण्याच्या दिशेनेच, अगदी पाव पाव फेरा फिरवा. एक माणूस पान्यावर, दुसऱ्याची नजर व्हॉल्व्हवर. प्रत्येक व्हॉल्व्ह खाली गेला की परत वर येतोय का? एकही रेंगाळला तर हात थांबवा, पुन्हा तेल, पुन्हा उद्या. पान्याला ताकद लावावी लागत असेल तर तो लांब करू नका, दिवस वाढवा. माझ्या दुसऱ्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सुटायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी तो बोटाने दाबल्यासारखा खाली गेला आणि टपकन वर आला.

टायमिंग चेन असेल तर ठीक. रबरी टायमिंग बेल्ट असेल तर तो कितीही ताजा दिसो, सेल्फ मारण्याआधी बदला. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात.

जुनं ऑइल काढा. तळाशी पाणी किंवा दुधाळ गाळ निघाला तर संप, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवून धुवा. नवं ऑइल आणि फिल्टर घाला. जुन्या फ्लॅट टॅपेट (सपाट तळाच्या टॅपेटच्या) इंजिनाला जस्त आणि फॉस्फरस पुरेसं असलेलं ऑइल लागतं. मग, प्लग बाहेरच ठेवून आणि कॉइलची वायर सोडवून, सेल्फवर थोडं थोडं फिरवा, ऑइलच्या प्रेशरचा काटा उठेपर्यंत. डिस्ट्रिब्युटरच्या दांडीवर पंप चालणाऱ्या इंजिनांत डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलनेही प्रेशर आणता येतं. बेअरिंगांना ऑइल पोचल्यावाचून ठिणगी द्यायची नाही.

रेडिएटर पाण्याने उलटा धुवा, थर्मोस्टॅट आणि सगळे होज नवे घाला. पाण्याचा पंप पहिल्या दिवशी गळला नाही तर महिन्याने गळतो, हे धरून त्याचं सील मागवून ठेवा.

वायरिंग आणि ब्रेक

उंदीर वायरचं आवरण खातात आणि एअर क्लीनरमध्ये, हीटरच्या पंख्यात घरटी करतात. ही दोन्ही ठिकाणं उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका. सायलेन्सरमध्येही हवा फुंकून पाहा. बॅटरी जोडण्याआधी गाडी सहा व्होल्टची आहे की बारा, आणि तिची अर्थिंग धन टोकाला आहे का, ते तपासा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक बॉडीला असायचं. मग बॅटरी आणि गाडी यांच्यामध्ये हेडलाइटचा एक बल्ब मालिकेत जोडा. सगळे स्विच बंद असताना बल्ब भगभगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तो बल्बाने झेलला. वायरिंगला झेलावा लागला नाही.

ब्रेकचं काम अर्धवट करू नका. ग्लायकॉलवर आधारलेलं तेल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ प्रतीचं कोरडं तेल किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं, पाणी शिरलं की ही हद्द १५५ पर्यंत उतरते. पण उभ्या गाडीत त्याहून वाईट म्हणजे ते पाणी सिलिंडरच्या तळाशी बसून खड्डे पाडतं. पेडल चांगलं लागतंय म्हणून समाधान मानू नका. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी होज, सगळं उघडा. खड्डे असतील तर बदला. मूळ भाग पेटीत जपा, पण रस्त्यावर ते नकोत.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. पेडल दाबून ते दाबलेलंच राहील असा लाकडी ठोकळा अडकवा आणि एक-दोन दिवस तसंच ठेवा. बऱ्याचदा एवढ्यानेच सुटते.

पहिली सुरुवात

गाडी दाराकडे पाठ करून उभी करा, एक्झॉस्टचा धूर बाहेर जाईल अशी. आतल्या बंद हवेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. पेट्रोल मूळ टाकीतून घेऊ नका. लहान डब्यातून, लांब नळीने, इंजिनापासून दूर ठेवून द्या. आग विझवायचं नळकांडं घेऊन एक माणूस बोनेटपाशी उभा राहू दे आणि त्याला दुसरं काही काम सांगू नका.

त्या दिवशी शिक्षिकाबाई आल्या होत्या. पाच महिने माझ्या खिशात असलेली चावी मी त्यांच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, “तुम्हीच फिरवा, मला नाही जमणार.” मी म्हटलं, “बाई, तुम्ही फक्त फिरवा, बाकी मी बघतो.” त्या सीटच्या कडेला बसल्या आणि त्यांनी चावी फिरवली. चौथ्या फेऱ्याला इंजिन पेटलं, एक सिलिंडर आधी अडखळला, मग चारही लागले. निळा धूर भरपूर आला. सिलिंडरमध्ये घातलेलं तेल जळत होतं, ते अपेक्षितच होतं. प्रेशरचा काटा वर, तीस सेकंद, आणि मी हात वर केला. त्यांनी बंद केली.

तुम्हीही पहिल्यांदा तीसच सेकंद चालवा. मग खाली वाकून पाहा, कुठे ओलं होतंय. ऑइल, पाणी, पेट्रोल, तिन्हींसाठी वेगळी नजर फिरवा. अर्ध्या तासाने दोन मिनिटं. दुसऱ्या दिवशी पाण्याचं तापमान वर येईपर्यंत. माझ्या गाडीचा पाण्याचा पंप त्या दुसऱ्या दिवशीच गळू लागला. सील आणून ठेवलेलं होतंच, संध्याकाळी बसवलं.